रामेश्वराला निघालेलं पाणी

आमच्या घरात एक माणूस नव्हता, आणि त्या नसलेल्या माणसाचं जेवढं चालायचं तेवढं असलेल्यांपैकी कुणाचंच चालायचं नाही. तो माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, मोरेश्वरराव. मी त्यांना कधी पाहिलं नाही. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा ते एका मंडळीबरोबर काशीला गेले. तिथून ते आले नाहीत, एक गडू आला. तांब्याचा, गंगेच्या पाण्यानं भरलेला, तोंडाला डाख देऊन पक्का बंद केलेला. बरोबरच्या यात्रेकरूनं तो आणून दिला आणि निरोप सांगितला, की जपून ठेव, रामेश्वराला दोघं मिळून जाऊ. काशीची गंगा नेऊन रामेश्वराच्या पिंडीवर घातल्याशिवाय काशीयात्रा पुरी होत नाही, ही रीत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून निरोपात कुणाला काही वावगं वाटलं नाही. यजमान मागून येतील असं धरून आत्या तो गडू घेऊन चार दिवस माहेरी, म्हणजे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आली. ते चार दिवस माझा जन्म होऊन मी बारावीत गेले तरी संपले नव्हते.

मधल्या काळात मोरेश्वररावांची खबर दोनदा आली. एकानं सांगितलं, हरिद्वारला पाहिले, जटा वाढल्या आहेत, ओळख देत नाहीत. दुसरा बाबांच्या कचेरीतलाच होता. त्यानं सांगितलं, जबलपूरला कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसलेले पाहिले, शेजारी दोन मुलं जिलबी खात होती आणि दोघांचं नाक अगदी बापाच्या वळणावर गेलं होतं. बाबांनी पहिली खबर खरी मानली. साधू झालेला मेहुणा चारचौघांत सांगता येतो, दुकान थाटलेला सांगता येत नाही. दुसऱ्या खबरवाल्याशी त्यांनी बोलणं टाकलं आणि आत्या सौभाग्यवती ती सौभाग्यवतीच राहिली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं असायचं, पण तिची ओटी भरायची की नाही यावर गल्लीतल्या बायकांचं एकमत कधी झालं नाही. कुणी भरायचं, कुणी नुसतेच भिजवलेले हरभरे हातावर ठेवून "बसा नं मालूताई" म्हणायचं. आत्या बसायची, हरभरे खायची, आणि घरी येऊन मुलींच्या वह्या तपासायची. मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची आणि गणितातलं एकही उदाहरण तिनं कधी अर्धवट सोडलं नाही. तिचं स्वतःचं तेवढं सुटत नव्हतं.

त्या वर्षी मात्र एक गोष्ट घडली. तिच्या संस्थेनं भिवापूरला मुलींची शाळा काढली, आणि मुख्याध्यापिका म्हणून आत्याला विचारलं. शाळेला लागून राहायला दोन खोल्या, मागे विहीर, अंगणात लिंबाचं झाड. आत्यानं हे जेवताना सांगितलं, तेव्हा तिचा आवाज जरा वरच्या पट्टीत गेला होता, हे मला अजून आठवतं. आईनं हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि ती करपली. बाबा शांतपणे म्हणाले, "सगळं खरं आहे मालू. पण तो आला अन् तू घरी नसली तं?" याच प्रश्नानं आत्याचं बीएड एकदा लांबलं होतं, आणि याच प्रश्नापायी आम्ही घर बदलत नव्हतो, छत गळत असूनही. पण या खेपेला आत्या ताटावरून उठली नाही. ती म्हणाली, "संस्थेले जूनच्या आधी होकार पाहिजे." मग बाबांनी त्यांच्याकडचा शेवटचा पत्ता टाकला. एका जोश्यानं त्यांना कधीतरी सांगितलं होतं, की गंगा वाटेत अडकली आहे म्हणून माणूस अडकला आहे, पाणी पिंडीवर पडलं की तो आपसूक येईल. "पहिले रामेश्वर करू," बाबा म्हणाले, "मंग पाहू भिवापूरचं." पाणी पडलं आणि तो आला, तर भिवापूरचा प्रश्नच उरणार नाही, असा त्यात हिशेब होता. आत्यालाही तो कळला होता. ती फक्त "बरं" म्हणाली.

अशा रीतीनं आमच्या घरातली एकमेव दक्षिण भारताची सहल ठरली. आता माझी नात विचारते, आजी, तुम्ही तेव्हा फिरायला का गेला होता, तर तिला काय सांगणार? ती बिचारी समुद्र पाहायला जाते, समुद्र पाहते आणि परत येते. आम्ही एक नवरा परत आणायला गेलो होतो. आईनं तेवढ्यात आपलीही एक अट घुसवली. नागपूरच्या मे महिन्यात चुलीपुढे जन्म गेला, तर वाटेत एक तरी थंड हवेचं ठिकाण पाहिजे. बाबांनी देवाधर्मात तेवढी हवापालट चालते असं ठरवून कोडाईकनाल मंजूर केलं. लकडगंजातल्या एका लाकूडवाल्याची जुनी निळी गाडी मिळाली. एरवी तिच्यात सागवानाच्या फळ्या वाहायचे, म्हणून आत बसलं की कंगव्यात भुसा निघायचा. गाडीबरोबर तिचे चालक बिसनभाऊ आले. त्यांनी आयुष्यात कधी हैदराबाद ओलांडलं नव्हतं, पण हे त्यांनी आम्हाला हैदराबाद ओलांडल्यावर सांगितलं.

आईनं जे सामान भरलं त्यात एखादी पलटण महिनाभर लढली असती. तिखटाच्या पुऱ्या, भरडा, सांडगे, लसणाची चटणी, वाती भरलेला स्टोव्ह, आणि भिवापुरी मिरचीचं तिखट एका बरणीत, त्यावर फडकं, फडक्यावर दोरा. परमुलखात तिखट मिळत नाही अशी तिची समजूत होती आणि आंध्रातून जाताना एका जेवणात ती कायमची मिटली. बाबांचं सामान वेगळं होतं. त्यांनी पाणी घेतलं. बाहेरचं पाणी बाधतं हा त्यांचा कुळाचार होता, म्हणून आपल्या नळाच्या पाण्यानं भरलेले मोठे मोठे कॅन त्यांनी गाडीत मागे लावले. आणि आत्यानं गडू घेतला. तो तिनं सामानात ठेवला नाही, मांडीवर ठेवला.

रस्ता सोपा होता. काशीहून निघालेला हमरस्ता आमच्या गावावरून जातो आणि तसाच पुढे थेट कन्याकुमारीला पोचतो. मोरेश्वरराव त्याच रस्त्यानं वर गेले होते, आम्ही खाली निघालो. वर्धा नदी मागे पडली, कापूस मागे पडला, ज्वारीची धसकटं जाऊन भाताची खाचरं आली, दगड लाल झाले, माणसांच्या लुंग्या वर चढल्या. सकाळी एखाद्या झाडाखाली स्टोव्ह पेटायचा आणि आई गोळाभात करायची. त्याचा वास सुटला की गावातली पोरं गोळा व्हायची आणि बाबा त्यांच्याशी हिंदीत बोलायचे. समोरच्याला हिंदी कळत नाही म्हणजे कमी ऐकू येतं, असं बाबा धरून चालत, त्यामुळे जसजसे आम्ही दक्षिणेला गेलो तसतसा त्यांचा आवाज वाढत गेला. श्रीरंगमला पोचेपर्यंत त्यांचा घसा बसला. तिथली गोपुरं पाहून ते खूप वेळ वर बघत राहिले आणि मग बारीक आवाजात म्हणाले, "रंग लय खर्चिक आहे." मदुराईच्या देवळात मात्र तेही गप्प झाले. इतकी फुलं, इतकी माणसं, इतका गार दगड. आईनं तिथं बाहेर पितळी पेल्यातली कॉफी प्यायली, आणि दुसरा पेला आमच्या नकळत प्यायला ती पुन्हा एकदा चप्पल शोधायला म्हणून गेली.

या सगळ्यात एक आवाज कायम सोबत होता. रस्त्यात खड्डा आला की आत्याच्या मांडीवर पाणी वाजायचं. डुबुक. मी तिच्या शेजारीच बसायचे, त्यामुळे मला तो नीट ऐकू यायचा. सागवानाच्या गाडीला खड्डे चुकवायची सवय नव्हती, त्यामुळे वरचेवर यायचा. आत्या खिडकीबाहेर बघत असायची. एकदा पुढच्या बाकावरून आई सहज म्हणाली, "उथळ पाण्याला खळखळाट फार," आणि म्हटल्यावर जीभ चावली. आत्या तिच्याकडे वळून हसली. मला ते हसू आवडलं नाही, म्हणजे मला त्याची भीती वाटली.

कोडाईचा घाट सुरू होण्याआधी पायथ्याच्या गावात बिसनभाऊंनी गाडी थांबवली. समोर चांगला जाडजूड नळ वाहत होता. ते म्हणाले, "साहेब, कॅन भरून घेऊ. घाट मोठा दिसून राहिला. इंजन पानी पिते." मागे एकच कॅन उरला होता आणि तोही अर्धा. बाबांनी नळाकडे पाहिलं, नळावर आंघोळ घालत असलेल्या म्हशीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपलं पाणी आहे अजून. त्या कॅनमधे हे पाणी घातलं तं सगळे कॅन बाटतील." बिसनभाऊंनी खांदे उडवले. साहेब साहेब असतात.

घाट अर्धा चढून झाला होता तेव्हा पुढून शिट्टी वाजली आणि बॉनेटमधून वाफ निघाली. बिसनभाऊंनी चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं, आणि पाण्याचा रबरी पाइप फाटल्याचं जाहीर केलं. मग त्यांनी आमच्याकडून अंगाचा साबण मागून घेतला, भेगेत तो बोटानं दाबून भरला, वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या आणि इंजिन गार होईपर्यंत सावलीला बसून राहिले. आई वळणांनी हैराण होऊन मागच्या बाकावर आडवी पडली होती, नाकाशी लिंबू. ऊन डोक्यावर होतं. वर चढणाऱ्या बसला आम्ही हात केले, तर ती चढावर थांबेना. एक ट्रकवाला थांबला, त्यानं तामिळमध्ये बराच वेळ काहीतरी कळकळीनं सांगितलं, पुढे हात करकरून दाखवलं, बाबांनी त्याला बसलेल्या घशानं हिंदीत उत्तर दिलं, आणि तो कपाळाला हात लावून निघून गेला. मग उरलेला कॅन इंजिनात गेला. आपल्या नळाचं शेवटचं पाणी गटागटा आत जाताना बाबांनी मान फिरवली. बिसनभाऊंनी आत डोकावून पाहिलं. "अजून तांब्याभर तरी पायजे साहेब. असंच नेलं तं इंजन जाम होते. मी पुढं जाऊन पाहू का?"

"बायकांना अशा जंगलात सोडून?" बाबा म्हणाले. "कोणी ना कोणी येईल."

यानंतर आम्ही सगळ्यांनी सगळीकडे पाहिलं. झाडांकडे, दरीकडे, आभाळाकडे. फक्त आत्याच्या मांडीकडे कुणी पाहिलं नाही. तांब्याभर पाणी म्हणजे किती, हे मात्र तिथल्या प्रत्येकाला नीट ठाऊक होतं.

आत्या खाली उतरली. गडू हातात होता. बिसनभाऊंपाशी जाऊन तिनं विचारलं, "भाऊ, हा डाख निघते का?"

बिसनभाऊ उभे राहिले. "बाई, हे तं गंगामाय आहे."

"मले माहीत आहे काय आहे ते. निघते का तेवढं सांगा."

"मालू!" बाबा ओरडले. घसा नव्हता तरी ओरडले. "काय करून राहिली तू? तुले काही समजते का?"

"पाणी देऊन राहिली."

"इतकी वर्षं सांभाळलं अन् आता इंजनात घालतं? तो यायचा राहिला तं?"

आत्यानं गडू बाबांच्या कानाजवळ धरला आणि हलवला. "ऐक. भरलेला गडू वाजते का, दादा? दर दिवाळीले चिंच लावून घासलं मी याले. दर साली हलका लागे. खालच्या जोडातून कधीचं जाऊन राहिलं हे पाणी. देवघरात ओल दिसे, तं तू म्हणे मालूनं पूजेचं पाणी सांडलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय झालं असतं? तू नवा डाख देऊन आणला असता." तिचा आवाज चढला नव्हता. "मी थकली आता, दादा. त्याची वाट पाहून नाही थकली. ते तं पहिल्या दोन-चार सालांतच सोडलं. तुम्ही सगळे वाट पाहता, ते पाहून पाहून थकली. याच्यापायी मले घराबाहेर पडता येत नाही. तिथं शाळा उघडून राहिली, अन् मी याले मांडीवर घेऊन बसली."

घाटात वाराही नव्हता. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी इतका आनंद होत होता की मी गाडीच्या दारामागे जाऊन उभी राहिले. आमच्या घरात ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मागच्या बाकावरून, लिंबू नाकाशी धरूनच, आई म्हणाली, "देऊ द्या हो त्यांना. त्यांचं पाणी आहे."

बाबा रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले. बिसनभाऊंनी पाना आणि पेचकस आणला, गडूला नमस्कार केला, आणि तोंडाचा डाख ठोकून काढला. त्यांनी मग चपला काढल्या, तापलेल्या डांबरावर अनवाणी उभे राहिले, आणि "हर गंगे" म्हणत गडू इंजिनात उपडा केला. चारेक बोटं पाणी निघालं. थोडं हिरवट होतं. बास, एवढंच. ज्यावर आमच्या घरानं इतकी वर्षं काढली ते पाणी पडायला डोळ्याची पापणी लवायला लागावा एवढाच वेळ लागला.

गाडी सुरू झाली. ती गंगेनं सुरू झाली की गार झाली म्हणून सुरू झाली, यावर बिसनभाऊ पुढे कित्येक वर्षं लकडगंजात पहिल्या बाजूनं बोलत. गाडी जेमतेम पुढचं वळण वळली, आणि तिथं चहाची टपरी होती. टपरीपुढे नळ होता. नळाला तोटी नव्हती, पाणी रस्त्यावरून ओहळासारखं वाहत होतं आणि दोन बायका त्यात निवांत भांडी घासत होत्या. ट्रकवाला पुढे हात करकरून काय सांगत होता ते आम्हाला तेव्हा कळलं. बिसनभाऊंनी सवयीनं गाडी थांबवली आणि आरशातून मागे पाहिलं. आणि मग आत्या हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. तिला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आई उठून बसली आणि तीही हसायला लागली, मीही, बिसनभाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकून. बाबा एकटे उतरले, टपरीपाशी गेले आणि त्यांनी बोटांनी खूण करून सगळ्यांसाठी चहा सांगितला. बाहेरच्या पाण्याचा.

आता या वयात मी कधी कधी तो नळ आठवते. तो एक वळण अलीकडे असता तर? बाबांनी पायथ्याला कॅन भरू दिला असता तर? आमच्या बाबांनी बहिणीचं खरं भलं केलं ते एकदाच, आणि तेही पाणी बाटू नये म्हणून. मोठी माणसं विचार करून आयुष्याला वळण देतात असं पुस्तकात वाचते, तेव्हा मला हसू येतं. आमच्याकडे तसं कुणी केल्याचं मला माहीत नाही.

कोडाईला धुकं होतं, आईनं शाल पांघरून तळ्याकाठी कॉफी प्यायली आणि आत्या घोड्यावर बसली. तळ्याला पुरी चक्कर मारून, पाठ ताठ ठेवून आली. बाबांना मात्र काही सुचत नव्हतं. आत्याचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण मानलं नव्हतं. घाटात, उन्हात, माणूस चिडून काहीही बोलतो असं त्यांनी धरलं असावं. रिकामा गडू घेऊन देवापुढे कसं उभं राहायचं, एवढीच त्यांची चिंता होती. सगळ्या वाटेत ते मधूनच "पण शास्त्र काय म्हणते" असं स्वतःशीच म्हणायचे.

रामेश्वराला जाताना समुद्रावरचा तो लांब पूल लागला. आम्ही नागपूरचे लोक, अंबाझरीच्या तलावाला जरा लाट आली तरी काठावरून मागे सरणारे. पुलावर दोन्ही बाजूंना नुसतं पाणी, निळं, हिरवं, आणि वारा असा की गाडीतला वर्षानुवर्षांचा भुसा उडून आमच्या डोळ्यांत गेला. आत्यानं बिसनभाऊंना गाडी हळू घ्यायला सांगितलं. तिनं तोंड बाहेर काढलं. तिचे केस सुटले तरी तिनं ते बांधले नाहीत. "शुभा," ती मला म्हणाली, "केवढं आहे गं हे." मी तिचा हात धरला. मांडीवर काही नव्हतं, त्यामुळे हात मोकळाच होता.

देवळाच्या रस्त्यावर उतरलो आणि बाबांचा चेहरा एकदम उजळला. दोन्ही बाजूंनी दुकानं, आणि दुकानांत ओळीनं चकचकीत गडू. गंगाजल. लहान, मोठं, मध्यम, तोंडं बंद, वर लाल दोरा. काशीहून हजारो मैल वाहून आणायचं ते पाणी देवळाच्या दारात भाजीसारखं मांडून ठेवलं होतं. बाबा "आलोच" म्हणून गेले आणि एक गडू कडेवर घेऊन आले. लहान मुलासारखा जपून धरला होता. तो त्यांनी आत्यापुढे केला. "हेच ते समज, मालू. पाणी एकच आहे. पिंडीवर पडल्याशी मतलब." त्यांच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की मला त्यांची दया आली. ते काही वाईट नव्हते. बहिणीला नवऱ्यानं टाकली हे जगापुढे कबूल करायचं त्यांना धैर्य नव्हतं, आणि तिनं ते कबूल केलं तर तिला कोण विचारील ही भीती होती. दोन्ही गोष्टी त्यांनी त्या गडूत घातल्या होत्या.

आत्यानं गडू घेतला नाही. "आधी आंघोळ करू," एवढंच म्हणाली.

तिथल्या कुंडांच्या आंघोळी झाल्या. एकेका कुंडापाशी माणूस बादली खाली सोडतो, वर ओढतो आणि डोक्यावर धडाधड ओततो. आई प्रत्येक वेळी किंचाळायची. बाबा प्रत्येक बादलीनंतर बारीक होत चालले. ओले कपडे बदलून आम्ही आत गेलो. त्या लांबलचक दगडी ओवऱ्यांत पावलांचा आवाज दूरवर जात होता. एक पुजारी मोडकंतोडकं मराठी बोलणारे निघाले, त्यांचे पूर्वज आमच्याकडचेच. बाबांना भाषा मिळाल्याबरोबर जीव आला. त्यांनी गडू पुढे ठेवला. पुजाऱ्यांनी संकल्पासाठी आत्याला पाटावर बसवलं, हातात पाणी दिलं आणि विचारलं, "यजमान कुठं? जोडीनं बसायचं असतं."

"ते मागून येणार आहेत," बाबा म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून इतकं सहज निघालं, की मला वाटतं त्यांनाही ते ऐकू आलं नसावं.

"ते येणार नाहीत," आत्या म्हणाली.

बाबा वाकून तिच्या कानाशी गेले. कुजबुजले, पण त्या ओवरीत कुजबुजही मोठी होत होती. "देवापुढं असं बोलू नको, मालू. अन् आला तं? काय सांगू मी त्याले?"

"पत्ता सांग. भिवापूर, मुलींची शाळा. बस जाते तिथपर्यंत." मग ती पुजाऱ्यांकडे वळली. "मी एकटीच बसणार. ते पाणी माझं नाही, दादानं आणलं, तो घालेल. माझा संकल्प वेगळा सांगा."

पुजाऱ्यांनी जरा वेळ विचार केला. अशा गोष्टी त्यांनी पूर्वी पाहिल्या नसतील असं नाही. त्यांनी हातातलं पाणी परत भरायला लावलं आणि म्हणायला सुरुवात केली. नाव विचारलं. "मालती," आत्या म्हणाली. गोत्र विचारलं.

"भारद्वाज," बाबा सवयीनं म्हणाले. ते मोरेश्वररावांचं गोत्र.

"नाही," आत्या म्हणाली. "बापाचं लावा."

आता पुजाऱ्यांचा हात खरंच अडला. लग्न झालं की बाईचं गोत्र बदलतं, ते परत कुणी बदलत नाही, ही काही एका गावाची रीत नव्हे. त्यांनी आत्याला पुन्हा विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं ते पुरुषाला, म्हणून त्यांनी मान वर करून बाबांकडे पाहिलं. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. आत्या वर बघत नव्हती. ओंजळीतलं पाणी तिच्या बोटांमधून थेंब थेंब खाली जात होतं आणि ती ते थांबवत नव्हती. बाबांच्या ओल्या केसांतून पाणी कपाळावर येत होतं. मला वाटलं, ते आता शास्त्र काढतील. मला वाटलं, आम्ही इथून तसेच उठून जाऊ आणि घरी जाऊन पुन्हा वाट बघायला लागू.

बाबा खाली बसले, आत्याच्या पाटाशेजारी, नुसत्या दगडावर. बसलेल्या घशानं म्हणाले, "कौशिक. माझी बहीण आहे ही. कौशिकच म्हणा."

पुजाऱ्यांनी आत्याच्या ओंजळीत नवं पाणी घातलं आणि संकल्प पहिल्यापासून सुरू केला.